बाबांच्या रश्श्याबरोबर पाव की शेवया?

एक गोष्ट कुठेतरी लिहून ठेवा! बीफच्या रश्श्याबरोबर काय खावं हे आख्ख्या सा डेक गावात एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस म्हणजे मी, खिएम, मोटारसायकल दुरुस्तीवाला. पाव! लांबट, कुरकुरीत, नुकताच भट्टीतून निघालेला पाव! बाकी सगळा गाढवपणा आहे. हे मला माझ्या बाबांनी शिकवलं. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं गॅरेजसमोरच्या हातगाडीवर बो खो, म्हणजे हाच रस्सा, खायला बसायचो. बाबा पाव मोडायचे, रश्श्यात बुडवायचे, वाडगं पुसून लख्ख करायचे आणि म्हणायचे, "खिएम, याच्यासारखं दुसरं काही नाही!"

तर या माझ्या बाबांचं वर्षश्राद्ध होतं. पहिलं! आणि थोरला मुलगा मी. पहिल्या वर्षी चूक झाली तर गेलेला माणूस उपाशी परत जातो आणि नातेवाईक पुढची वीस वर्षं चघळत बसतात. तीस माणसं जेवायला येणार होती. मी बाबांच्या आवडीचा बो खो ठरवला, गवती चहा आणि चक्रीफूल घालून, मोठ्ठी मोठ्ठी गाजरं टाकून. आणि साठ पाव सांगितले.

सकाळी आई पॅगोडात जायला निघाली. दारात थांबून म्हणाली, "खिएम, धूप लावायच्या आधी दाराशी..."

"आई, मी काय कालचा आहे का? सगळं माहितीये मला!"

"बरं. आणि ते पातेलं..."

"अगं हो! जा तू!"

गेली बिचारी. आणि नऊच्या सुमाराला स्कूटरवरून थोआ आली. थोआ म्हणजे माझी धाकटी बहीण. तिच्या सासरी तांदळाच्या शेवया करायचा धंदा आहे. स्कूटरच्या मागे ही एवढी थोरली पिशवी! तिने ती फरफटत आत आणली आणि दाराशी टेकवून ठेवली.

"हे काय आणलंस?" मी विचारलं.

"शेवया. बाबांच्या रश्श्याबरोबर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली!

"साठ पाव आलेत घरात! डोळे आहेत ना तुला?"

"पाव तू खा, दादा. बाबांना शेवया लागायच्या. दर बुधवारी माझ्याकडे यायचे आणि दोन-दोन वाडगी चापायचे. म्हणायचे, थोआ, याच्यासारखं दुसरं काही नाही!"

"खोटं! साफ खोटं! बाबा शेवयांना हातसुद्धा लावायचे नाहीत!"

"तुझ्यासमोर कशाला लावतील? तू ओरडतोस!"

"मी? मी ओरडतो?" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारची कोंबडी आमच्या छपरावरून खाली उडाली.

मग काय, जुंपली! मी पावाचा खोका उचलून तिच्या पिशवीशेजारी आपटला. तिने माझा पाव म्हणजे वाळलेलं लाकूड आहे असं जाहीर केलं. मी तिच्या शेवयांना गांडुळं म्हटलं. तिचा नवरा मध्ये पडला, त्याला आम्ही दोघांनी मिळून गप्प बसवलं. पाहुणे यायला लागले होते, तेही भिंतीला टेकून निवांत ऐकत होते. शेवटी बाबांचे धाकटे भाऊ, ताम काका, कावले. आज दाबून जेवायचं म्हणून ते आदल्या दुपारपासून उपाशी होते.

"अरे भांडता काय नुसते! ज्याचं जेवण त्यालाच विचारा की!"

खरंच की! देव्हाऱ्यापुढे बशीत दोन जुनी नाणी असतात, एका बाजूला चुन्याचा ठिपका लावलेली. विचारायचं आणि टाकायची. एक ठिपका वर, एक खाली, म्हणजे होकार. दोन्ही सारखी पडली की नकार. मी तर खूशच झालो! बाबा माझे, रविवार आमचा, घाबरायचं कोणाला? बाबांच्या फोटोपुढे मी रश्श्याचं भरलेलं वाडगं ठेवलं, शेजारी पाव ठेवला, धूप लावला आणि थोआकडे बघून मिशीतल्या मिशीत हसलो.

"बाबा, पाव खाणार ना?"

खण्ण! दोन्ही ठिपके वर.

"हात थरथरला माझा," मी म्हणालो आणि पुन्हा टाकली. दोन्ही खाली. तिसऱ्यांदा टाकली. दोन्ही खाली!

"सरक," थोआ म्हणाली. तिने शेवयांची बशी मांडली, केस सारखे केले आणि अगदी लाडात विचारलं, "बाबा, शेवया?"

नकार. नकार. आणि पुन्हा नकार! तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मला हसायलाही सुचेना.

"भात हवा असेल त्याला," ताम काका म्हणाले.

"लुआ! भात आण!" मी बायकोला हाक मारली.

"अहो, मी पातेल्यापाशी आहे, रस्सा हलवतेय..."

"रस्सा कुठे पळून जातोय का? इकडे बाबा उपाशी आहेत! आधी ये इकडे, आणि इथेच थांब!"

भात आला. नकार! चिकट भात मांडला. नकार! शेजारणीने घरून उकडलेलं रताळं आणलं, त्यालाही नकार! धूप जळून संपला, दुसरा लावला. बाबा जेवल्याशिवाय बाकी कोणी घास घ्यायचा नाही, त्यामुळे तीस माणसं पोटावर हात ठेवून माझ्याकडे रागाने बघत होती. आणि मी बाबांकडे! खरं सांगतो, मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मला जास्तच राग येतो.

"बाबा, आता अति होतंय हं!" मी फोटोवर बोट रोखून ओरडलो. "जिवंत असताना एवढे नखरे नव्हते तुमचे!"

"खरंच, बाबा!" थोआही ओरडली. सकाळपासून पहिल्यांदाच आमचं एकमत झालं होतं.

तेवढ्यात आई आली. "काय चाललंय? कोपऱ्यापर्यंत ऐकू येतंय!"

"बाबा काहीच खायला तयार नाहीत, आई! पाव नको, शेवया नको, भात नको!"

आईने फोटोकडे बघितलंच नाही. ती दाराशी वाकली. थोआची पिशवी एका बाजूला ओढली, माझा पावाचा खोका दुसऱ्या बाजूला ढकलला. मध्ये, जमिनीवरच्या त्याच्या चिमुकल्या लाल देव्हाऱ्यात, घराचा राखणदार देव ओंग दिया ढेरपोट सावरून हसत बसला होता. समोर ना केळं, ना काळी कॉफी, ना धूप.

"यांना विचारलं होतंस?" आई म्हणाली.

मी पावाचा खोका पायाने आणखी मागे सरकवला.

"यांनी परवानगी दिल्याशिवाय गेलेला माणूस उंबरा ओलांडतो का रे? तुझे बाबा बाहेर उभे आहेत. सकाळपासून! उन्हात!"

"मग इतका वेळ नको नको कोण म्हणत होतं?" ताम काकांनी विचारलं.

"कोणीच नाही! रिकाम्या घरात नाणी वाजवत बसलेत दोघं!"

मी दाराबाहेर बघितलं. रस्ता नुसता तापला होता. बाबांना ऊन अजिबात सहन व्हायचं नाही. मी धावत जाऊन कॉफी केली, थोआने केळी सोलून ठेवली. न सोलता ठेवतात, पण तिचंही डोकं ठिकाणावर नव्हतं. जमिनीला कपाळ टेकून मी म्हणालो, "चुकलो. सोडा हो बाबांना आत."

मग नाणी घेतली. पाव? होकार! शेवया? होकार! भात? होकार! रताळं? होकार! ताम काकांनी हळूच बिअरचं विचारून घेतलं. त्यालाही होकार!

"बघ, पहिला होकार पावाला!" मी म्हणालो.

"गप रे!" आई म्हणाली. "दोन तास उन्हात उभा राहिलेला माणूस कशाला नाही म्हणेल? आणि असं बघ, पाव नको म्हटलं की तू चिडायचास. शेवया नको म्हटलं की ही रडायची. घरी माझ्याकडे यायचे आणि नुसता रस्सा प्यायचे. म्हणायचे, बरोबर काही देऊ नकोस, याच्यासारखं दुसरं काही नाही!"

मी आणि थोआ एकमेकांकडे बघायचं टाळत उभे राहिलो. तेवढ्यात लुआने नाक वर केलं.

"अहो... पातेलं!"

स्वयंपाकघरात धूर कोंडला होता. रस्सा आटून, मांस तळाला चिकटून, डांबर झालं होतं! म्हणजे आता आमच्याकडे साठ पाव होते, पिशवीभर शेवया होत्या, दोन प्रकारचा भात होता, आणि रस्सा फक्त एक वाडगं. बाबांपुढचं.

धूप संपल्यावर आईने ते वाडगं खाली घेतलं आणि प्रसादासारखं चमच्याचमच्याने वाटलं. तीस माणसं! कोणी काही बोललं नाही. वीस वर्षं बोलायचंच आहे, घाई कसली! माझी पाळी आली तेव्हा वाडग्यात एकच गाजर उरलं होतं.

"घे," आई म्हणाली. "कशाबरोबर खातोस?"

थोआ टक लावून बघत होती. मी ते गाजर नुसतंच खाल्लं. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, थोआपर्यंत जाऊ देऊ नका, पण याच्यासारखं दुसरं काही नाही!