भाऊजींचा इटलीचा दवाखाना

अक्षर कोंबडीच्या पायांचं आणि शुद्धलेखन चौथीपर्यंतचं, तेवढं माफ करून वाचावं. आमच्या भाऊजींबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि ते स्वतः लिहीत बसले तर बोलणार कोण?

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर शंकर. घरी पाहुणा आला की त्याला वहाणा काढायला लावून ते गोठ्यात नेत आणि शेणानं सारवलेली कोरी भिंत दाखवत. वर दटावत, "बोट लावू नगा, रंग जातुया!"

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत ते शिपाई म्हणून इटलीत होते. तिथं मांडीला गोळी लागली. बरं होत आल्यावर त्यांना तिथल्या एका जुन्या शहरात शेकडो वर्षांपूर्वीचा दवाखाना बघायला नेलं. त्यातल्या एका लांबलचक दालनात आता खाटा नव्हत्या. लोक नुसत्या भिंती बघायला येत. भिंतींवर अख्खा दवाखानाच रंगवलेला. वैद्य, आजारी, वाढपी, आणि मधोमध मांडी फाटलेला एक गडी.

"वैनी, हुबेहूब माझी मांडी!"

घरी आल्यावर आमच्या गोठ्याची भिंत तेवढीच लांब निघाली. झालं! "ह्यो थोरला वैद्य. त्येच्या मागं पाणी घेऊन आलेला... आरं, म्हस सोडा रं कुणीतरी! वैद्याच्या टकलाला अंग घासतीया!"

गावालाही नाद लागला. शेजारची तानूकाकू ताक मागायला आली की आधी विचारी, "आज कसा हाय रं तुझा जखमी?"

"जरा पेज प्याला."

"मग उठव की त्याला! लय दिस पडलाय मुडदा."

त्यानंतर भाऊजी तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

या भिंतीपायी दोन-तीन सोयरिकी मोडल्या. पाहुणे चहा पिऊन गोठ्यात जात आणि परसदारानंच पसार होत. पुढं औंधकडचा एक मामा आपल्या भाचीला दाखवायला घेऊन आला, तेव्हा सासूबाईंनी बजावलं, "शंकऱ्या, भिंतीचं नाव काढलंस तर जन्मभर त्या वैद्याच्या हातचं जेव!"

मुलीचं नाव हौसा. आईबाप लहानपणीच गेलेले, मामानं वाढवलेली. भाऊजी ओठ आवळून बसले होते. बोलणी जमत आली. तेवढ्यात मामानं सहज विचारलं, "तिकडं इटलीत काय बघितलं म्हणायचं?"

सासूबाईंनी कपाळ धरलं. मंडळी गोठ्यात!

त्या दिवशी भाऊजी पार शेवटच्या चित्रापर्यंत गेले. "ही टाकलेली पोरं. दवाखानाच त्यास्नी वाढवायचा. ही पोरगी थोरली झाली, तर तिचं लगीन बी दवाखान्यानं लावलं. ह्यो नवरदेव, ह्यो त्यांचा भटजी..."

मामा उपरण्यात तोंड खुपसून हसत होता. इतका वेळ खाली मान घालून उभी असलेली हौसा एकदम म्हणाली, "मग पंचमीला तिला न्यायला कोण येतं?"

भाऊजींनी स्वतःच भिंतीला बोट लावलं आणि ते तिथंच राहिलं.

"त्ये... म्या इचारलंच न्हाई."

जाताना मामा भाचीला कुजबुजला, "येडा हाय गं."

"असू द्या," हौसा म्हणाली.

लग्न झालं आणि पहिली पंचमी आली. गावातल्या नव्या सुनांना न्यायला मुराळी येऊ लागले. हौसाच्या मामाचा निरोप आला, भांगलणीची गडबड हाय, औंदा जमत न्हाई. ती भांडी घासायला बसली आणि घासलेलीच पुन्हा घासत राहिली.

भाऊजी माझ्या चुलीपाशी आले. लाकडं रचली, काढली, पुन्हा रचली.

"वैनी..."

"काय वो?"

"काय न्हाई." दारापर्यंत गेले, परत आले. "तुमच्या आबास्नी... एक लेक जास्त झाली, तर चालंल व्हय?"

मी माहेरी निरोप धाडला. सांगलीकडून आबा सर्व्हिस मोटारीनं आले आणि ओट्यावर पाय ठेवायच्या आधीच गरजले, "आवं विहीणबाई, माझ्या दोन्ही लेकी द्या धाडून!"

हौसा पळतच आत गेली आणि लुगड्यांचं गाठोडं अर्धवट बांधून बाहेर आली. हसताना तिचे सगळे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

भाऊजी मात्र गोठ्यातच पाठमोरे उभे होते. एवढा बोलका माणूस, पण त्या दिवशी नुसतं शेवटच्या चित्रातल्या नवरीवर बोट टेकवून.