हाकेच्या अंतरावर

आमच्या शुक्रवार पेठेत सकाळी सहाला मल्लप्पा अण्णा गल्लीतल्या गल्लीत फेऱ्या घालतात आणि प्रत्येक फेरीला स्वतःच्याच खिडकीसमोर उभं राहून ओरडतात, "चार झाल्या!", "पाच झाल्या!" एकवीस फेऱ्या, एकवीस आरोळ्या. आमच्या साखरझोपेचं खोबरं होतं ते.

हा माणूस कधी चालेल असं कुणाला वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, तेव्हा "मशीन बिघडलंय. आमच्या मैंदर्गीत कुणाला शुगर न्हाय," असा अण्णांनी निकाल दिला. पाय गमवाल, असं बजावल्यावर ते "विचार करतो की" इथवर आले. त्या विचारात दोन दिवाळ्या गेल्या. तिसरीला बूट आणले आणि ते घालून चार महिने कट्ट्यावर बसले. विचारलं की म्हणायचे, "तयारी चालू हाय की, मास्तर. बुटाला माणसाची सवय व्हायला नको?"

मग अण्णांची बायको, आमच्या काकू, घरात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या खाटेला खिळल्या. घरात दोघंच. "आता माझे पाय गेले तर हिला कूस कोण बदलून देणार?" म्हणत अण्णा खरंच उठले. संक्रांतीला आठ दिवस बूट पुन्हा कट्ट्याखाली गेले, पण नंतर खंड नाही. फक्त कोपऱ्यापलीकडे पाऊल नाही. "तळ्यावर चला की," म्हटलं तर ऐकत नाहीत. तिथं आरोळ्या ऐकायला गल्ली नसते ना, असं मी चारचौघांत म्हणायचो.

रक्ततपासणीही ते तीन महिने टाळत होते. परवा पहाटे अचानक दारात आले.

"मास्तर, रगत द्यायला जायचंय. तेवढ्या माझ्या फेऱ्या तुमी घाला."

"त्यापेक्षा काकूंजवळ बसतो की."

"नगं. राखण बसली की ती रडती. फेऱ्या मोजणं तिचं काम हाय. दर हाकेला एक चिंचोका वाटीत टाकती." अण्णा बुटांकडे बघत राहिले. "ती पडली तवा मी पान खायला कोपऱ्यापलीकडं गेलतो. लई हाका मारल्या म्हणे तिनं."

चारचौघांतल्या माझ्या थट्टेची मला लाज वाटली. पोट सुटल्यापासून मीही चार वर्षं तयारीतच होतो. चपला अडकवून निघालो, अर्ध्यातून वळलो आणि खिडकीसमोर येऊन ओरडलो, "एक झाली!"

आत वाटी वाजली नाही.

"मास्तर, एवढ्यात कसे आलात?" काकूंचा आवाज आला. "कोपऱ्यापर्यंत गेला न्हाईत तुमी. ही मी धरणार न्हाय."

मी निमूट पुन्हा निघालो. कोपऱ्यावरच्या खांबाला हात लावून आलो आणि धापा टाकत ओरडलो. आत चिंचोका वाजला, आणि मी दुसऱ्या फेरीला वळलो.