दहाव्या रकान्यातली भीती

प्राथमिक शाळा आणि माध्यमिक शाळा यांच्यामध्ये एक रस्ता होता. रुंदीला चौदा पावलं. पूर्वी प्राथमिकची शेवटची परीक्षा झाली की मुलं सुट्टीभर हुंदडायची आणि शाळा उघडली की चौदा पावलं टाकून समोरच्या फाटकात शिरायची. कुणाचंही काही बिघडत नसे. एखादी गोष्ट इतकी वर्षं कुणाच्याही मदतीशिवाय सुरळीत चालली आहे, हे वरच्यांच्या लक्षात यायला जरा उशीर झाला, पण आलं. ताबडतोब 'संक्रमण पूर्वतयारी कक्ष' स्थापन झाला.

कक्षानं पहिलं काम केलं ते प्रपत्र काढण्याचं. देव भावाचा भुकेला असतो, कार्यालय कागदाचं. 'प्रपत्र भ'मध्ये दहा रकाने होते. उंची, वजन, दप्तराचं वजन, डावा हात की उजवा, असं करत करत दहाव्या रकान्यात विचारलं होतं : 'माध्यमिक शाळेविषयी पाल्यास वाटणाऱ्या भीती (किमान तीन, तीव्रतेच्या उतरत्या क्रमाने, पाल्याच्या स्वहस्ताक्षरात)'.

लिफ्टमिस्त्रींच्या मुलीनं तिथं लिहिलं, 'काही नाही.' मुलगी सरळ चालत कधी जातच नसे, गिरक्या घेत जायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिनं पूर्णविरामसुद्धा गिरकी घेऊनच दिला होता.

चौथ्या दिवशी प्रपत्र परत आलं. वर लाल शाईत शेरा : 'अपूर्ण'.

मिस्त्री अर्धा दिवस रजा टाकून कक्षात गेले. भिंतीवर पुलावरून हसत निघालेल्या मुलाचं चित्र होतं, आणि चित्राखाली पालकांची लांबलचक रांग होती. रांगेत कुणीही हसत नव्हतं. खिडकीवरच्या बाईंनी प्रपत्र उलटसुलट करून पाहिलं.

"दहावा रकाना रिकामा आहे."

"रिकामा नाही हो. 'काही नाही' लिहिलंय तिनं."

"'काही नाही' ही भीती मान्यताप्राप्त यादीत नाही." बाईंनी यादी सरकवली. बेचाळीस भीती होत्या. "यातल्या कोणत्याही तीन. तीन भीती असल्याशिवाय भयनिवारण सत्राला बसता येत नाही. सत्राशिवाय निर्भयता प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्राशिवाय प्रवेश नाही."

"पण बाई, ती निर्भयच आहे!"

"असं कसं म्हणता? प्रमाणपत्र कुठाय?"

मिस्त्रींनी यादीवरून नजर फिरवली. मग खिडकीत तोंड घालून हळूच म्हणाले, "मग यातल्या कुठल्या तरी तीन लिहून टाकू का?"

बाईंनी चष्मा काढला. "खोटं? मुलांच्या बाबतीत? समुपदेशक सर प्रत्येक मुलाशी बोलून पडताळणी करतात. भीती खरीच हवी. महिनाअखेरपर्यंत आणा, नाहीतर मुलगी यंदा आहे त्याच वर्गात बसेल. आणि जागेची काळजी करू नका, ती रिकामी राहायची नाही. प्रतीक्षायादीत दोनशे मुलं आहेत. सगळी व्यवस्थित घाबरलेली."

संतसज्जन सांगून गेले की भय सोडा, म्हणजे देव भेटेल. कक्षाचं म्हणणं एवढंच होतं की सोडायला ते आधी जवळ तर हवं!

आता दैवाची थट्टा पाहा. मिस्त्रींचा सगळा जन्म लोकांना 'घाबरू नका' सांगण्यात गेलेला. लिफ्ट अडकली की आतल्या माणसाशी फोनवर पहिलं वाक्य तेच. अठरा वर्षांत त्यांनी ते इतक्या वेळा म्हटलं होतं की शेजाऱ्यानं हाक मारली तरी ओ देण्याआधी त्यांच्या तोंडून तेच निघायचं. भिंगरीची आई दवाखान्यात परिचारिका, मुलांना सुया टोचायचं काम. तिचं वाक्य, 'काही दुखत नाही हं.' अशा घरात भीती यायची तरी कुठल्या वाटेनं?

"बरंच आहे की भीत नाही ते," आई म्हणाली.

"बरं काय बरं! भीतीत नापास झालीय ती!"

मिस्त्रींची थोरली बहीण तिथंच भाजी निवडत बसली होती. हातातली जुडी खाली ठेवून ती म्हणाली, "अरे, एवढंच ना? माझ्याकडे सोपव. लहानपणी तुला कोण घाबरवायचं? मीच ना? अजून माळ्यावर दिवा लावल्याशिवाय चढत नाहीस तू!"

आत्यानं भिंगरीला जवळ घेतलं आणि आवाज खोल केला. "त्या मोठ्या शाळेत ना, दर तासाला वेगळे शिक्षक येतात."

"दर तासाला? म्हणजे एखादे कंटाळवाणे निघाले तरी तासाभरात जातील?"

"अगं, तिथली मुलं तुझ्या दुप्पट उंच!"

"बरं झालं. कपाटाच्या वरच्या कप्प्यात माझं दप्तर ठेवायला कोणाला सांगायचं हा प्रश्नच होता."

"एवढे मोठे लांब लांब मजले गं, माणूस हरवतं त्यात!"

"आत्या," भिंगरीचे डोळे चमकले, "तू हरवली होतीस? सांग ना, काय काय सापडलं?"

आत्या उठली आणि पुन्हा भाजीपाशी जाऊन बसली. "ही तुझ्यावर गेलेली नाही," एवढंच भावाला म्हणाली.

शेवटी मिस्त्रींनी मनावर दगड ठेवला. रविवारी भिंगरीला कामावर नेलं, लिफ्टमध्ये बसवलं, आणि गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीतून लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबवली. दिवा चालू, पंखा चालू, सगळी काळजी घेऊन. फक्त मध्ये दुसऱ्या मजल्यावर एक करसल्लागार आत शिरले होते, हे त्यांना फोन कानाला लावल्यावर कळलं.

"कोणी आहे का? अरे, मी गुदमरतोय!" करसल्लागार ओरडत होते.

"काका, हे वाचा," भिंगरीचा आवाज आला. "'तेरा व्यक्ती' लिहिलंय. आपण दोघंच आहोत. म्हणजे अकरा माणसांची हवा शिल्लक आहे."

"हवा अशी मोजतात का गं?"

"तुम्ही मोजून बघा, तुमचं हिशेबाचंच काम आहे ना? तोवर प्राण्यांच्या भेंड्या खेळू. तुमच्यावर 'ढ'."

वर मिस्त्रींचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. 'घाबरू नका' हे शब्द ओठावर येऊन परत फिरत होते. सात मिनिटांत त्यांनीच हार खाल्ली आणि लिफ्ट सोडली. दार उघडलं तेव्हा करसल्लागार आनंदानं ओरडत होते, "ढेकूण! ढेकूण!" जाताना ते मिस्त्रींना म्हणाले, "मुलगी फार गोड आहे हो तुमची. तुम्हाला मात्र बरं वाटत नाहीये का?"

राहिला एकच मार्ग. कक्षाच्या शेजारच्या गल्लीत एव्हाना 'भयप्रबोधिनी' उघडली होती. पाटीवर लिहिलं होतं, 'पंधरा दिवसांत तीन भीतींची हमी. चौथी मोफत.' आत माध्यमिक शाळेची हुबेहूब नक्कल होती : कर्कश घंटा, उंच फळा, आणि नुसत्या भुवया चढवण्यासाठी नेमलेले एक निवृत्त मुख्याध्यापक. बाहेरच्या बाकावर पालक बसत.

"आमच्याला पाच आल्या. जिन्याची तर अशी बसलीय की घरात स्टुलावरसुद्धा चढत नाही!"

"आमच्या मुलीला गणिताची होतीच, आता भूगोलाचीही आली. पहिल्यापासूनच हुशार आहे ती."

"तुमचीला किती?"

मिस्त्रींनी चपलेकडे पाहिलं. "अजून एकही नाही."

बाकावरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एका गृहस्थांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "येईल हो. काहींना उशिरा येते. माझ्या मेहुण्याला तर लग्नानंतर आली."

आठव्या दिवशी भयप्रबोधिनीच्या संचालकांनी मिस्त्रींना आत बोलावलं. "मुलीला घरी न्या. तिनं सगळ्यांना वेळापत्रक कसं वाचायचं ते शिकवलं. भुवयांच्या सरांना हसवलं. ती आल्यापासून दोन मुलांच्या भीती उतरल्या, पालक फीचे पैसे परत मागतायत. आम्हालाही इतर मुलांचा विचार करावा लागतो."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. पण जी भीतच नाही तिच्या पाठी कोण लागतं, हे मिस्त्रींना आता कळून चुकलं होतं.

मुदतीच्या आदल्या संध्याकाळी भिंगरी खेळून घरात आली, ती दारातच थांबली. टेबलावर प्रपत्र पडलं होतं. बाबा त्याच्याकडे बघत बसले होते आणि पेनाचं टोपण सारखं उघडत होते, लावत होते. आई पदरानं डोळे टिपत होती. आत्या भिंतीला टेकून देवाचं नाव घेत होती. ती एरवीही घ्यायची, पण आज ते नाव तिच्या तोंडून कण्हल्यासारखं येत होतं.

"काय झालं?"

"काही नाही गं," बाबा म्हणाले.

"बाबा, खरं सांगा. त्या शाळेत आत काय आहे?"

"शाळाच आहे, बाळा."

"मग तुम्ही सगळे इतके का घाबरलात?"

आत्यानं देवाचं नाव जरा मोठ्यानं घेतलं. भिंगरीनं एकेकाकडे पाहिलं. इतक्या दिवसांचं सगळं तिनं मनाशी जुळवलं असावं, आत्याचा खोल आवाज, ती लिफ्ट, त्या भुवया. एवढी मोठी माणसं एवढी घाबरलीत, म्हणजे तिथं काहीतरी असणारच. तिचा खालचा ओठ किंचित हलला.

आईनं मान वर केली. असा ओठ ती दवाखान्यात दिवसाला चाळीस वेळा बघायची. "अहो," ती कुजबुजली, "आली."

"नक्की?"

"मला विचारताय? आली!"

आत्यानं हात जोडले. मिस्त्रींनी खुर्ची ओढली, पेन पुढे केलं. "लिही बाळा, उतरायच्या आत लिही!" आनंदानं त्यांना हसू आवरत नव्हतं. भिंगरी खुर्चीवर बसली, तिनं बराच वेळ विचार केला, आणि लिहिलं :

'१. मी तयार नाही. २. मी नापास झाले तर बाबांचं कसं होईल. ३. मला वाटायचं की मला भीती वाटत नाही, ते चुकीचं निघालं. आणखी माझं काय काय चुकीचं असेल.'

समुपदेशक सरांनी पडताळणी केली आणि ते इतके भारावले की तिसरी भीती यादीत त्रेचाळिसाव्या क्रमांकावर समाविष्ट करण्याची त्यांनी शिफारस केली. पुढे भयनिवारण सत्र झालं. साठ मुलं, अकरा मिनिटं. पडद्यावर एक वाक्य आलं, 'घाबरण्याचे काहीही कारण नाही', ते सगळ्यांनी मोठ्यानं वाचलं, आणि दारात प्रमाणपत्रं वाटण्यात आली. भिंगरी शासनदरबारी निर्भय झाली.

शाळा उघडली. चौदा पावलांचा रस्ता. भिंगरीनं बाबांची दोन बोटं मुठीत घट्ट धरली होती आणि ती सरळ चालत होती. गिरकी नाही, उडी नाही. रस्त्याच्या मधोमध ती थांबली.

"बाबा, उद्यापासून गेलं तर चालेल?"

"घाबरू नकोस," मिस्त्री म्हणाले. अठरा वर्षांत हे वाक्य त्यांना इतकं पोकळ कधी वाटलं नव्हतं. फाटकातून आत जाईपर्यंत तिनं चारदा मागे वळून पाहिलं.

ते तसेच कक्षात गेले. रांग नव्हती. "बाई, मुलीची भीती गेलेली नाही. ती काढा."

बाईंनी फाइल पाहिली. "गेलीय की. ही बघा, प्रमाणपत्राची प्रत."

"कागदावर गेलीय. मुलीत आहे."

"तशी तक्रार लिहून द्या. मग प्रमाणपत्र रद्द होईल, आणि त्याबरोबर प्रवेशही. देता?"

मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. जाता जाता मात्र राहवलं नाही. "ही भीतींची यादी कोणी केली हो? तज्ज्ञांनी?"

"छे! तज्ज्ञांना कुठलं एवढं सुचतंय?" बाई मोकळेपणानं हसल्या. "पहिल्या वर्षी आम्ही मुलांनाच विचारलं, मोठ्या शाळेबद्दल घरी काय काय सांगतात? 'मोठ्या शाळेत गेलास की कळेल.' 'तिथं कोणी लाड करणार नाही.' 'आता खेळ बंद.' 'पुढं कसं होणार तुझं!' सगळं जेवताना, वेणी घालताना, दप्तर भरताना ऐकलेलं. तेच नीट क्रमवार लावलं, झाली यादी. बाकीच्या घरांतून मुलं तयार होऊनच येतात हो, आम्हाला काही करावं लागत नाही. तुमच्याच घरी जरा मागासलेपण होतं."

त्यांनी भिंगरीचं प्रपत्र उलटं केलं. मागे 'कार्यालयीन उपयोगासाठी' अशी चौकट होती, आणि तीत एकच ओळ : 'भीतीचा उगम'. बाईंनी लाकडी शिक्का उचलला, शाईत बुडवला आणि थाप मारली. ठळक अक्षरं उमटली : 'घर'.

"लिहून लिहून हात दुखायचा," त्या म्हणाल्या, "म्हणून शिक्काच करून घेतला."

शिक्का खिडकीच्या डाव्या हाताला असतो. शाई ओलीच असते. आपलं मूल कितवीत आहे म्हणालात?