लेकवरून जाणारे वझलवारकाका

वझलवारकाका विमानात शिरण्याआधी दारावर टकटक करायचे.

विमान त्यांचं स्वतःचं होतं. चार सीटचं, एका इंजिनाचं, पोटावर लाल पट्टा असलेलं. आत कोणी नाही हे काचेतून स्वच्छ दिसायचं. तरी काका बोट वाकवून टकटक करायचे, कान देऊन उभे राहायचे आणि अदबीनं विचारायचे, "येऊ का जी?" उत्तर अर्थातच येत नसे. पण काका इतक्या बेतानं थांबायचे आणि मग अशी मान हलवायचे, की बघणाऱ्याला वाटावं, आपल्यालाच ऐकू आलं नाही.

"मला लग्न झाल्यापासून 'अगं ए'च्या वर गेले नाहीत," कुमुदकाकू म्हणायच्या, "आणि त्या पत्र्याच्या डब्याला जी!"

ही अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधली गोष्ट. ऐंशीच्या दशकात मी तिथे एका मोटारींच्या कंपनीत नोकरीला होतो, एकटा होतो, आणि वझलवारांच्या शेजारच्या घराचं तळघर भाड्यानं घेऊन राहत होतो. माझं जेवण बहुतेक वेळा काकूंकडेच व्हायचं. काका मूळचे नागपूरचे, पेशानं भूलतज्ज्ञ. माणसांना झोपवणं आणि परत उठवणं हा धंदा, आणि तो त्यांच्या अंगात मुरला होता. हात मिळवला की ते तो लगेच सोडत नसत. त्यांची दोन बोटं हळूच मनगटाकडे सरकायची, नजर लांब कुठेतरी लागायची, आणि आपण बोलत असताना ते आपली नाडी मोजायचे. आवाज असा मऊ, की मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी आभार मानायला माइक हातात घेतला, तर पहिल्या दोन रांगा गाढ झोपल्या. तेव्हापासून मंडळात रडकी मुलं त्यांच्या मांडीवर देण्याची पद्धत पडली.

कुठल्याही संकटावर त्यांचं एकच वाक्य असे. "श्वास चालू आहे ना? मग झालं." माझी गाडी बर्फात रुतली, हेच वाक्य. मला एकदा नोकरीवरून काढतील अशी भीती होती, तेव्हाही हेच. दिलासा म्हणून ठीक होतं, पण म्हणताना ते खरोखरच नाकाजवळ बघायचे, तेव्हा अंगावर काटा यायचा.

विमान त्यांनी एका मेलेल्या माणसाचं घेतलं होतं. एवढंच सगळ्यांना माहीत होतं. घेतलं तेव्हा त्यांना उडवता येत नव्हतं. पन्नाशीला आलेला माणूस. वर्षभर नुसते रविवारी गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर जायचे, टकटक करायचे, आत बसायचे आणि घरी यायचे. मग शिकले. विमानात मूळ मालकाची निळी टोपी उजवीकडच्या सीटसमोर आकड्याला टांगलेली होती. ती त्यांनी कधी काढली नाही. काकू त्या विमानात एकदाच बसल्या आणि परत कधी नाही. मी कारण विचारलं, तर पोळी लाटता लाटता, आमटीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात म्हणाल्या, "त्यात आधीच माणूस बसलेलं असतं रे. अवघडल्यासारखं होतं."

दर उन्हाळ्यात काका त्या विमानानं विस्कॉन्सिनला जायचे. तिथे विमानांची मोठी जत्रा भरते. देशभरातून लोक आपापली विमानं घेऊन येतात, गवतात ओळीनं लावतात आणि पंखाखाली तंबू ठोकून राहतात. एका वर्षी त्यांच्याबरोबर जाणाऱ्या डॉक्टरांनी आयत्या वेळी कॅन्सल केलं, आणि काका माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"सुधीर, चल. रिकामं जायला बरं नाही वाटत."

काकूंनी दशम्या आणि चटणी दिली. सकाळी विमानतळावर टकटक झाली, विचारणा झाली. मी उजवीकडे बसलो, तेव्हा काका त्या टोपीकडे बघत म्हणाले, "हा आपलाच मुलगा आहे जी." ओळख करून दिली जातेय म्हटल्यावर मीही नकळत मान झुकवली.

मिशिगनची शेतं संपेपर्यंत मजेत होतो. लेकचा, म्हणजे समुद्राएवढ्या मिशिगन सरोवराचा, किनारा आला, तसं काकांनी मला नारिंगी लाइफ जॅकेट चढवायला लावलं.

"लेकला वळसा घालून नाही जाता येत?" मी विचारलं.

"येतं की. शिकागोवरून. बरेच लोक तसेच जातात." एवढं बोलून त्यांनी विमानाचं नाक सरळ पाण्यावर धरलं.

त्या दिवशी धुरकट उष्मा होता. किनारा मागे पडला आणि थोड्याच वेळात सगळं पांढरं झालं. ढग नव्हते, धुकं नव्हतं. पाणी पांढरं, आकाश पांढरं, आणि दोघांना जोडणारी रेघ कोणीतरी पुसून टाकलेली. आपण पुढे जातोय की नुसते आवाज करत एका जागी लटकलोय, ते कळेना. इंजिनाचा आवाज मला वेगळा वाटायला लागला. मध्येच खरखर, मध्येच कोणी घसा साफ करावा तसा.

"काका, इंजिन..."

"पाण्यावर आलं की सगळ्यांना तसंच ऐकू येतं. इंजिन तेच आहे, कान घाबरतात." त्यांची नजर घड्याळांसारख्या तबकड्यांवर होती. मग ते हळूच म्हणाले, "अहो, बरोबर आहे ना जी?" हे मला नव्हतं विचारलं.

आकड्याची टोपी डोलत होती. हवा अगदी शांत होती, विमानाला धक्का नव्हता, तरी डोलत होती. इंजिनाच्या थरथरीनं असेल. मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि बाहेर पाहिलं, तर आमच्या जवळजवळ समोर, हवेत, एक जहाज टांगलेलं होतं. मालवाहू, लांबलचक, गंजक्या रंगाचं. खाली पाणी नाही, वर आभाळ नाही, लाट नाही, फेस नाही. डेकवर कोणी नव्हतं. ते पांढऱ्यात स्थिर होतं आणि बघता बघता आमच्याखाली सरकून पुसलं गेलं.

"पाहिलंस?" काका म्हणाले. त्यांच्या मऊ आवाजात मी पहिल्यांदाच आनंद ऐकला. "पाहिलंस ना? हे नवीन आहे. हे आजवर नव्हतं दिसलं."

त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं शाबासकी देताहेत. ते माझी नाडी बघत होते.

पलीकडचा किनारा आला, तेव्हा मी कुणाला तरी नवस बोलून बसलो होतो. पुढचं मला आठवतं ते तुकड्यातुकड्यानं. जत्रेच्या वाटेवर विमानांची रांगच लागली होती, एकामागे एक. रेडिओवर फक्त टॉवरचा माणूस बोलायचा. बाकी कोणी उत्तर द्यायचं नाही असा तिथला नियम. "लाल पट्टेवाले, पंख हलवा." काकांनी पंख हलवले. इतकी माणसं आकाशात, आणि सगळी मुकी.

उतरलो, तर गवतात एक म्हातारा निशाण घेऊन वाट दाखवत होता. आमचं विमान बघून त्यानं टोपी काढली आणि ओरडला, "हॅलो, वॉल्टर!" काकांनी हात वर केला. पुढे अजून एक जण भेटला. "वॉल्टर, आलास का!" काकांनी पुन्हा हात केला.

"काका, तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

"काय सांगू? ते मला थोडंच म्हणतायत?"

विमान बांधून झाल्यावर आम्ही पंखाच्या सावलीत बसलो. दशम्या सोडल्या. चहूकडे विमानंच विमानं, वर घरघर चाललेली. काका आपणहून बोलायला लागले.

वॉल्टर त्यांचा पेशंट होता. पोटाचं साधं ऑपरेशन. भूल देण्याआधी काका पेशंटला नेहमी म्हणायचे, तुला आवडतं ते काहीतरी सांग. वॉल्टरनं विमान सांगितलं. मी माझ्या विमानात बसलोय, जत्रेला निघालोय, शेतं संपली. औषध चढत होतं, आवाज खोल जात होता. मग म्हणाला, "आता मी लेकवर आलोय, डॉक्टर. सगळं पांढरं आहे. पलीकडचा किनारा दिसत नाहीये."

"आणि?"

"आणि काही नाही. झोपला. ऑपरेशनच्या मध्येच हार्ट बंद पडलं. सगळ्यांनी सगळं केलं. कोणाची चूक नव्हती." काका दशमीचा तुकडा हातात धरून बसले होते. "मी त्याच्या बायकोला भेटायला गेलो, मार्थाला. तिनं विचारलं, शेवटी काय बोलला? मी सांगितलं. तिनं विचारलं, मग पुढे? आता पुढे काय सांगू? मी कधी लेकवरून गेलोच नव्हतो. मला काय माहीत, पुढे काय असतं?"

विमान ती विकणारच होती. काकांनी घेतलं. मार्था नंतर बहिणीकडे राहायला गेली, ती इथून जवळच्याच गावात. दर वर्षी ती जत्रेत येते. दर वर्षी काका तिला सांगतात, मला अजून थोडं आठवलं बरं का. वॉल्टर असंही म्हणाला होता, की पाण्याचा रंग बदलतो. की किनाऱ्याजवळ पांढऱ्या पक्ष्यांचा थवा असतो. की पहिल्यांदा दिसतं ते दीपगृह.

"खोटं आहे," काका म्हणाले. "पण बघून आल्याशिवाय एक शब्द सांगत नाही मी तिला."

दुपारी मार्था आली. सत्तरीची बाई, मोठी पांढरी हॅट, पायात कॅनव्हासचे बूट. आधी एकटी विमानात जाऊन बसली. काका तेवढा वेळ पाठ करून उभे होते, देवळात कोणी कपडे बदलत असावं तसे. ती खाली उतरून घडीच्या खुर्चीत टेकली, तसे काका तिच्या समोर गवतात बसले आणि सांगायला लागले, "मार्था, एक जहाज होतं. हवेत टांगलेलं. तो म्हणाला होता, मला परवाच एकदम आठवलं..." ती डोळे मिटून ऐकत होती. एकदा विचारलं, "कोणत्या रंगाचं?" काका म्हणाले, "गंजलेलं."

मग काका तिच्यासाठी लेमोनेड आणायला गेले. लांब रांग होती. मी काय बोलावं म्हणून म्हटलं, "तुमच्या मिस्टरांना लेकवरून उडायला फार आवडत असेल."

ती माझ्याकडे वळली. मग लेमोनेडच्या रांगेकडे एक नजर टाकून, काका लांब आहेत याची खात्री करून म्हणाली, "वॉल्टर जन्मात कधी लेकवरून गेला नाही. पाण्याची त्याला फार भीती होती, पोहता येत नव्हतं. आम्ही दर वर्षी शिकागोवरून वळसा घालून यायचो. तास दोन तास जास्त लागले तरी."

"मग ते कुठलं पाणी होतं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"ते मीही पुष्कळदा विचारते," ती म्हणाली. "स्वतःला. डॉक्टरांना नाही विचारत."

"त्यांना सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू? पहिल्या वर्षी सांगणारच होते. पण डॉक्टर विमानातून उतरले ते घामानं भिजलेले. मला म्हणाले, मार्था, मी पलीकडे पोचलो, पलीकडे किनारा आहे." तिनं पुन्हा रांगेकडे बघितलं. "माझी मुलं वॉल्टरचं नाव काढत नाहीत. मला रडू येईल म्हणून. आणि या माणसानं हजारो लोक झोपवले असतील, सगळे उठले असतील. एक उठला नाही, त्याला हा अजून एकटा सोडत नाहीये. मी नाही आले, तर हा कोणाला सांगणार?"

ती उठली. बहीण गाडीत वाट बघत होती, ऊन सोसवत नव्हतं. तिनं हॅट सारखी केली आणि दोन पावलं टाकली.

तेवढ्यात रांगेतून काका दिसले. हातात कागदी पेले होते. ती उभी राहिलेली बघितल्याबरोबर ते चक्क पळायला लागले. जन्मात कधी घाई न केलेला माणूस, विमानांच्या दोऱ्या ओलांडत, शर्टावर लेमोनेड सांडत पळत येत होता.

"मार्था, थांबा! जाऊ नका! अजून थोडं राहिलंय!"

तिनं बहिणीच्या गाडीकडे बघून हात हलवला, थांब म्हणून. मग ती परत खुर्चीत बसली, हॅट काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "सावकाश या, डॉक्टर. मी कुठे जात नाहीये."