करंट बंद करा!

मला कुणालाही काहीही पटवता येतं! हे मी उगाच म्हणत नाही. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून म्हणते. त्यामुळे बुधवारी आई डोकं धरून विद्यापीठातून घरी आली, तेव्हा मी खुर्चीवर चढून जाहीर केलं, "आई, तुझं ऑफिस मी एका पोस्टरमध्ये सुधारून दाखवते!"

"इलिंका, आधी खाली उतर," आई म्हणाली.

माझी आई, स्मारांदा, भूगोल विभागाच्या कार्यालयात लिपिक आहे. तीन वर्षं हंगामी! यंदा साहेबांनी 'हरित कार्यालय' मोहीम तिच्या गळ्यात बांधली होती. कर्मचाऱ्यांना वीज आणि कागद जपायची सवय लावायची. शुक्रवारी प्र-कुलगुरू झाम्फिरबाई पाहणीला येणार. त्या खूश झाल्या तर आईची नोकरी कायम, नाहीतर तीस जूनला टेबल रिकामं.

"कुणी ऐकेल तर शपथ!" आई म्हणाली. "वेतुरियाबाईंना म्हटलं, जाताना दिवे बंद करत जा. तर म्हणतात, पोरी, तू रांगत होतीस तेव्हापासून मी हे दिवे लावतेय!"

वेतुरियाबाई म्हणजे तिथल्या हेडक्लार्क. देह लहान, पण आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा.

मी रात्रीपर्यंत चौदा पोस्टरं रंगवली. हिरव्या अक्षरांत ठसठशीत: 'करंट बंद करा! तुमच्यासाठी, सर्वांसाठी!' खाली एक प्लग, त्याची वायर झोकदार वळणं घेत गेलेली. गुरुवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर आईनं ती प्रत्येक दारावर चिकटवली.

शुक्रवारी शाळेला सुट्टीच होती, म्हणून आपला विजय बघायला मीही गेले. दार उघडलं आणि भट्टीत डोकं घातल्यासारखं झालं! प्रत्येक खिडकी बंद. नुसती बंद नाही, चिकटपट्टीनं सीलबंद! वरून जुने नकाशे ठोकलेले. कारकुनांच्या डोक्यावर अख्खं आफ्रिका खंड! दारांच्या फटींत टॉवेलांच्या गुंडाळ्या. आत काळोख, म्हणून झाडून सगळ्या ट्यूब चालू! आणि त्या उजेडात सगळे जण फायलींनी वारा घेत, घाम पुसत, कमालीचे खूश!

"हीच का ती मुलगी?" वेतुरियाबाई धावत आल्या आणि त्यांनी मुके घेऊन माझे दोन्ही गाल ओले केले. "तीस वर्षं घसा फोडतेय मी, करंट बंद करा, करंट बंद करा! आज कुणीतरी लेखी दिलं!"

तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आमच्या रोमानियन भाषेत विजेला करंट म्हणतात. आणि खिडकी-दारातून जो वारा आरपार जातो ना, त्यालाही करंटच म्हणतात! विजेला कुणी भीत नाही हो. पण या दुसऱ्या करंटला अख्खा देश टरकून असतो! मान आखडली? करंट लागला. दाढ ठणकली? करंट लागला. जावई घर सोडून गेला? तोही बहुतेक करंटमुळेच!

"आणि चित्र काय काढलंय!" वेतुरियाबाई वायरीवर बोट ठेवत म्हणाल्या. "वारा कसा वळसे घेत कानात शिरतो, अगदी तस्सा!"

आईचा चेहरा पांढराफटक. "आता यांना कोण सांगणार गं? पहिल्यांदाच सगळ्यांनी एकजुटीनं काहीतरी केलंय."

घड्याळात अकराला पाच कमी. मी पळत पानाइतकाकांना गाठलं. इमारतीची देखभाल तेच करतात.

"काका, घोटाळा झाला! तो करंट नाही, हा करंट बंद करायचाय!" मी छताकडे बोट दाखवलं.

"हा म्हणजे वीज?"

"हो!"

"कुठली?"

"सगळी! पटकन!"

मला म्हणायचं होतं, सगळ्या ट्यूब. पण पानाइतकाका शब्दाचे पक्के. त्यांनी तळघरात जाऊन मेन स्विचच खाली ओढला. खटाक!

काळोख. शांतता. आणि मग लिफ्टमधून दणदण आवाज. "अहो, कोणी आहे का? मी झाम्फिर! गुदमरतेय मी!"

आई मटकन खाली बसली.

पानाइतकाका किल्ली घेऊन धावत वर आले. लिफ्ट जवळजवळ मजल्याला टेकलेली होती. ते दार उघडणार, तेवढ्यात वेतुरियाबाईंचा भोंगा वाजला.

"खबरदार! त्या घामानं निथळत असतील! जिन्याची खिडकी उघडी आहे. दार उघडलंत तर सरळ मानेत करंट!"

"अहो, पण त्या गुदमरतायत!"

"गुदमरलेला माणूस सावरतो, पानाइत. करंट लागलेला नाही सावरत!"

आतून क्षीण आवाज आला, "त्या बाई बरोबर सांगतायत. आधी खिडकी लावा."

खिडकी लागली. मगच दार उघडलं. झाम्फिरबाई लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, एक हात मानेवर. त्यांना मेणबत्ती लावलेल्या खोलीत बसवलं. वेतुरियाबाईंनी घरून आणलेलं एल्डरच्या झुडपाच्या फुलांचं सरबत दिलं. दोन पेले प्यायल्यावर त्यांनी दारावरचं पोस्टर वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

आई उठून उभी राहिली. पण वक्तृत्व स्पर्धेची विजेती मी! "मी लिहिलं. आईचा काही दोष नाही. तिला नोकरीवरून..."

"माझ्या ऑफिसात एसी नेमका मानेवर येतो," त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "चार वर्षं! एका माणसानं लक्ष दिलं नाही. आणि इथे?" त्यांनी सीलबंद आफ्रिकेकडे बघितलं आणि वही उघडली. "विजेचा वापर?"

"शून्य," पानाइतकाका म्हणाले. तेवढं खरंच होतं!

"कर्मचाऱ्यांचा सहभाग?"

"शंभर टक्के!" वेतुरियाबाई गरजल्या. "स्मारांदानं सांगावं आणि आम्ही ऐकू नये?"

आईनं त्यांच्याकडे असं काही बघितलं, की मला हसूच फुटलं.

आईला कायम करावं, ही शिफारस तिथल्या तिथे द्यायचं ठरलं. पण प्रिंटर बंद, कॉम्प्युटर बंद! शेवटी झाम्फिरबाईंनी दारावरचं पोस्टर ओढून काढलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूला मेणबत्तीच्या उजेडात, हातानं, सहीसकट लिहून दिली. कागदही वाचला!

नोकरी पक्की झाली. आईनं ते पत्र फ्रेम करून स्वयंपाकघरात टांगलंय. अर्थातच झाम्फिरबाईंच्या सहीची बाजू पुढे. माझी कलाकृती भिंतीकडे तोंड करून उभी आहे.

असू दे. तिथे तिला निदान करंट तरी लागत नाही!