नानांना होडी ओढायला गाडी पाहिजे

आमच्या पुंडलिकनगरात नळाला पाणी यायचं असलं की माणसं ऑफिसातून रजा काढून घरी थांबतात. मोटार आधी कुणी लावायची यावरून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. अशा गल्लीत साहेबरावनानांच्या दारात होडी उभी होती. खरीखुरी, निळी, फायबरची, दोन वल्ह्यांसकट. लोक दारात तुळस लावतात, फार तर स्कूटी लावतात. नानांनी होडी लावली होती.

कुठलासा वॉटर पार्क बंद पडला तेव्हा नानांनी ती टेंपोत घालून आणली. पहिल्या आठवड्यात गल्लीची जत्रा झाली, मग सगळ्यांना सवय झाली. समोरच्या काकू तिच्यात कुरडया वाळत घालायच्या. एकदा कुणीतरी शहाणपणा केला, "नाना, नळ आला की हिच्यात पाणी भरून ठेवत जा, चांगलं चार दिवस पुरंल." नाना असे तापले की विचारू नका. "अरे, होडी पान्यात असती. पानी होडीत नसतं! येवढं बी कळंना का तुमाला?"

नाना कोर्टात पट्टेवाले होते. पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचे. आवाज असा की आरोपी सोडा, पुढच्या तारखेचे साक्षीदारसुद्धा आत येऊन उभे राहायचे म्हणे. नोकरी सुटली, पण कोर्ट काही सुटलं नाही. भाजीवाल्याची वांगी किडकी निघाली की "खारीज!" पुण्याच्या मुलानं फोनवर सांगितलं, "नाना, इकडं राहायला या," की "तारीख वाढवून दे." नानी जाऊन बरीच वर्षं झाली. दोन खोल्यांत नाना एकटेच राहतात, एकटेच खिचडी टाकतात.

मी शेजारची. ब्लाउज शिवते, फॉल-बिडिंग करते. नाना मला टेलरबाई म्हणतात. माझी टेप सारखी उसनी नेतात आणि परत आणून देताना वर मलाच ऐकवतात, "टेप ताणली गेलीय तुमची, मापं चुकत आसतील."

तर होडी आली, पण ती ओढायला गाडी पाहिजे. पिकअप, मागं हूक, हुकाला ट्रॉली, ट्रॉलीवर होडी. आणि हे सगळं कशासाठी, तर गयाआक्कांसाठी.

नानांचं गाव गंगाथडीला होतं. गंगा म्हणजे गोदावरी. आमच्याकडं तिला गोदावरी फक्त सरकार म्हणतं. पैठणला धरण झालं, पाणी चढत आलं आणि गाव उठून वर माळावर गेलं. नानांची थोरली बहीण गयाआक्का तेव्हा सासरी, वैजापूरच्या बाजूला, ओली बाळंतीण होती. तिला शेवटचं माहेरी आणायचं राहून गेलं. आणणार कसं? घराची दारं-चौकटी काढून बैलगाडीत चढली होती. ती हिंडती-फिरती झाली तोवर सगळीकडं पाणी. "माझं माहेर मला न सांगता बुडालं," असं आक्का आजही म्हणते. नव्या गावात ती एक रात्रसुद्धा राहिली नाही. "ते पुनर्वसन हाय. माहेर नाय."

आता आक्का ऐंशीच्या पुढं गेलेली. खुब्याचं हाड मोडून कसंबसं जुळलेलं. डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं, कुठं न्यायचं-आणायचं असेल तर या दिवाळीपर्यंत उरकून घ्या. आणि नानांनी ठरवलं, या दिवाळीत आक्काला माहेरी न्यायचं. बुडालेल्या माहेरी.

मी म्हटलं, "अहो नाना, धरणावर भोयांच्या होड्या असतात. आक्कांना जीपनं आणा, भाड्याच्या होडीत बसवा, झालं! गाडी कशाला न् ट्रॉली कशाला?"

नानांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी त्यांचा शर्टच उसवलाय. "टेलरबाई, मुराळी म्हंजे काय ठाव हाय ना? भनीला सासरहून न्यायला जातो त्यो भाऊ. मुराळी कवा भाड्याची गाडी घेऊन जातो का? सासरच्या दारापासून माहेरच्या उंबऱ्यापत्तुर घरची गाडी लागती. आता आमचा उंबरा पान्यात हाय, त्याला मी काय करू? म्हनून होडी. अर्धी वाट गाडी, अर्धी वाट होडी. पन दोनी घरच्या पाहिजेत, अन् एकमेकीला बांधलेल्या पाहिजेत. बोला!"

कपाळ माझं! मी मशीनवर कापड झाकलं आणि टेप उचलली.

मग शोरूम सुरू झाले. जालना रोडवरचा एक शोरूम आम्ही सोडला नाही. मला बरोबर का नेत, तर "पुरुषमानूस गाडी बघताना बॉनेट उघडतो. बाईमानूस सीटवर बसून बघती." माझ्याकडं टेप, नानांच्या पिशवीत पितळेचा तांब्या.

पहिल्या शोरूममधला सेल्समन बिचारा टाय लावून आला. "या काका! लोड काय असतो आपला? भाजीपाला, सिमेंट?"

"होडी."

"होडी मतलब?"

"होडी मतलब होडी. पान्यावर चालती ती."

तो हसला, मग नानांचा चेहरा बघून कामाला लागला. गाडी किती ओढते, इंजिन केवढं, सगळं घडाघडा सांगितलं त्यानं. "काका, एक काय, दोन होड्या ओढेल!" नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पिशवीतून तांब्या काढला, त्यांच्याच कूलरवर काठोकाठ भरला, मागच्या सीटवर जाऊन बसले आणि मांडीवर तांब्या धरून म्हणाले, "चला. त्या गतिरोधकावरनं घ्या."

गाडी गतिरोधकावरून गेली. तांब्यातलं निम्मं पाणी नानांच्या पायजम्यावर, उरलेलं माझ्या साडीवर.

"दम हाय," नाना खाली उतरून म्हणाले. "अदब नाय. खारीज!"

ही नानांची परीक्षा. तांब्यातलं पाणी सांडलं की गाडी नापास. आक्काच्या खुब्याला हिसका बसता कामा नये, एवढंच त्यांच्या डोक्यात. आता पिकअप म्हणजे शेवटी मालाची गाडी, रिकामी असली की मागून टणाटणा उडणारच. दुसऱ्या शोरूमवाल्यानं हे समजावून सांगितलं आणि वर चूक केली. "काका, मागं वजन असलं की गाडी कशी बसून चालते," म्हणाला. दुसऱ्या दिवशी नाना वजन घेऊन हजर! गिरणीवाल्याकडची गव्हाची पोती, गल्लीतला वॉचमन आणि मी. भर रस्त्यात मी पोत्यावर बसलेली, पदर सांभाळत, आणि नेमकी माझी एक गिऱ्हाईक रिक्षातून मला बघत गेली. पाणी कमी सांडलं, पण सांडलं. खारीज.

एका गाडीची पायरी टेपनं मोजली, आक्काच्या गुडघ्याच्या वर निघाली. एकीचा हॉर्न उद्धट होता. एकीचं सीट कव्हर बघून मीच म्हटलं, "नाना, या रेक्झिनवर नऊवारी टिकायची नाही, घसरून जातील त्या." नाना खूश झाले. "बघा! म्हनून बाईमानूस लागतं." पुढं पुढं आम्ही दारात दिसलो की शोरूमचे मॅनेजर मीटिंगला जायला लागले.

मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? शिवणाचे गठ्ठे घरी पडून. दिवाळी तोंडावर आलेली, बायका ब्लाउजसाठी दारात उभ्या. पण नानांचा चेहरा बघितला की "नाही" तोंडातून निघायचं नाही. आमच्यात म्हातारी माणसं झिजली की त्यांना दवाखान्यात नेणारे आहेत, देवाला नेणारे आहेत. पण बहीण झिजत चालली म्हणून तिला माहेरी न्यायला निघालेला सत्तरीचा भाऊ मी दुसरा बघितला नाही.

शेवटी गाडी मिळाली ती शहागंजात. हमीदभाईंचं गाद्यांचं दुकान आहे. मी त्यांच्याकडून कापूस घेते. दुकानामागं त्यांची जुनी डबल केबिनची पिकअप उभी होती, तिच्यातून गाद्या पोचवायचे. हमीदभाई सच्चा माणूस. हात जोडून म्हणाले, "नक्को चाचा, ये नक्को लेव. बुढ्ढी है. चालीसके उप्पर जातीच नै."

नानांचे डोळे चमकले. तांब्या भरला. शहागंजातून हर्सूलपर्यंत आणि परत. वाटेत किती खड्डे लागले म्हणून सांगू! पण गाडी प्रत्येक खड्ड्याला जणू विचारून खाली उतरत होती. नाना दुकानापुढं उतरले आणि आम्हाला तांब्या दाखवला. पाणी काठाला होतं.

"दम नाय," नाना म्हणाले, आणि त्यांचा पुकाऱ्याचा आवाज चक्क कापला. "पन अदब हाय. मंजूर!"

त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. हमीदभाईंना कुणासाठी गाडी घेताय ते कळलं, तेव्हा त्यांनी मागच्या सीटसाठी नव्या कापसाची गादी भरून दिली. "आपाके वास्ते," म्हणाले, थोरल्या बहिणीसाठी, आणि तिचे पैसे घ्यायला काही केल्या तयार होईनात.

मग हूक बसला, ट्रॉली आली, आणि नाना होडी हर्सूलच्या तळ्याला घेऊन गेले. रखवालदारानं अडवलं. नानांनी त्याच्याशी काय वाद घातला देव जाणे, पण होडीचं बूड भिजवून आले. "पानी दाखवून आनलं हिला," म्हणाले, "ऐन वक्ताला बुजायला नको."

दिवाळीचं लक्ष्मीपूजन झालं आणि आम्ही निघालो. मलाही "चलाच" म्हणून घेतलं. वैजापूरच्या बाजूच्या त्या गावात गाडी शिरली तेव्हा मागं अख्खं गाव, आणि का नसावं? कोरडवाहू गावात होडी आली होती. आक्का ओट्यावर बसलेली. नवं लुगडं, मांडीवर गाठोडं. पहाटेपासून अशीच बसलीय, सून म्हणाली.

"उशीर केलास, सायबू," आक्का म्हणाली.

"व्हय, आक्का," नाना म्हणाले आणि तिला लेकरासारखी उचलून गादीवर बसवली.

वाटेत ऊस घेऊन चाललेला ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला, त्याच्या ड्रायव्हरनं हातसुद्धा केला. मला लाज वाटली. नाना म्हणाले, "जाऊ द्या. त्याच्या गाडीत आक्का नाय."

धरणाच्या काठाला नानांनी एका दमात ट्रॉली उलटी पाण्यात घातली. नव्या गावात ट्रॅक्टर चालवलेला माणूस तो! होडी तरंगली. एक ओळखीचा भोई सोबतीला आपली होडी घेऊन लांबून मागं राहिला. आक्काला लुगड्यावर पाण्यात तरंगायचं केशरी जाकीट घातलं, मलाही घातलं. मला पाण्याची भीती वाटते. देवाचं नाव घेत मी आक्काचा दंड धरून बसले. नाना वल्ही मारायला लागले.

एका ठिकाणी त्यांनी वल्ही थांबवली. चारी बाजूंना नुसतं पाणी, ऊन पडलेलं. "त्या टेकाडाचं नाक अन् ती पांढरी टाकी एका रेघंत आली की खाली आपलं आंगन," नाना म्हणाले. खरं-खोटं कोण बघणार? आक्कानं मात्र लगेच डोक्यावरचा पदर नीट केला.

नानांनी पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढली आणि माझ्यापुढं धरली. "टेलरबाई, माहेरवाशीन दारात आली. भावजयीनं भाकरतुकडा उतरायचा आस्तो. आमच्यात आता ती नाय. आजच्या दिवस तुमी व्हा."

तेव्हा मला कळलं, मला एवढ्या लांब का आणलं ते. मी भाकरतुकडा आक्कावरून ओवाळला, पाण्यात टाकला. ओंजळभर गंगा घेऊन तिच्या पायांवर घातली. माशांनी भाकरी खाली ओढून नेली. आक्का पाण्यात बोटं बुडवून बसली.

"चूल उगवतीला ना रे?"

"व्हय, उगवतीला."

"अन् गोठा?"

"हितं, माझ्या पाठीमागं."

असं सगळं घर फिरून झालं. ऊन तापायला लागलं, आक्काच्या खुब्याची मला काळजी वाटायला लागली. मी नानांना खुणावलं. त्यांनी वल्ही हातात घेतली.

"आरं, येवढ्यात?" आक्का म्हणाली. "माहेराला आलेय मी. चार दिस ऱ्हात्यात बाया."

नानांनी वल्ही खाली ठेवली. "ऱ्हा की," हळूच म्हणाले. "तुला कोन जा म्हनतंय?"

आक्कानं मग आपलं गाठोडं सोडलं. आत सासरहून भावासाठी आणलेल्या धपाट्यांची चवड होती, वर शेंगदाण्याची चटणी. एक धपाटं तिनं मोडलं आणि नानांकडं निरखून बघितलं.

"किती वाळलास रं. जेवलास का सकाळी?"

"नाय," नाना म्हणाले.

"मग ये, बस हितं," आक्का म्हणाली, आणि नाना हलत्या होडीत सरकत सरकत तिच्या पायाशी येऊन बसले. तिनं घास पुढं केला. नानांनी तोंड उघडलं आणि तिथंच, तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून, हुंदके देत रडायला लागले. आक्का त्यांच्या डोक्यावर हात फिरवत म्हणत राहिली, "खा रं सायबू. आधी खाऊन घे."