फुकटचा वजीर

माणूस विरुद्ध संगणक असा रेटिंगचा सामना भरवायचा तर तो न्याय्यच झाला पाहिजे, असं बुद्धिबळ क्लबच्या सेक्रेटरींनी मनावर घेतलं आणि तिथेच घोळ सुरू झाला. संगणकाला हात नसतात, म्हणून पडद्यावरची चाल पटावर करायला कोणीतरी बसवावं लागतं. त्याने मध्येच स्वतःची अक्कल पाजळू नये म्हणून नियम निघाला, की त्याला मोहरे कसे चालतात एवढंच ठाऊक हवं, खेळ कळता कामा नये. क्लबात असं कबूल करणारा एकही जण सापडेना. शेवटी संगणकाशी खेळणाऱ्या प्रूफकाकांनीच आपल्या बायकोचं नाव सुचवलं. नवराबायको समोरासमोर कसे चालतील, अशी शंका निघाली, तेव्हा काका म्हणाले, "घरी आमचं एकाही गोष्टीवर एकमत होत नाही, इथे संगनमत कुठलं होतंय?"

काका छापखान्यात प्रूफं तपासत. चुका काढणं हा त्यांचा धंदा, आणि घरी आल्यावर छंद. काकूंनी साधी सामानाची यादी केली तरी काका तिच्यात तीन खुणा करत. क्लबात मात्र त्यांचा मान होता. खेळाचं गुणांकन, म्हणजे रेटिंग, सोळाशे दोन. हा एक डाव हरला तरी ते सोळाशेच्या खाली घसरून पहिल्या संघातली बावीस वर्षांची जागा जाणार होती, आणि त्या धास्तीने काकांना आठवडाभर धड जेवण गेलं नव्हतं.

पंचांनी बजावलं, पडदा काकूंशिवाय कोणी बघायचा नाही आणि डाव संपेपर्यंत काकूंनी बोलायचं नाही. चौदाव्या चालीला पडदा गोठला. काकूंनी हात वर केला, पंचांनी ओठांवर बोट ठेवलं. इकडे संगणकाचं घड्याळ पळतच होतं. वेळ संपून बिचाऱ्याची नाहक हार होईल, म्हणून काकूंनी आपल्या मनाने एक प्यादं सरकवलं.

काका चमकले. असलं प्यादं कोणी हलवत नाही, म्हणजे नक्कीच वीस चालींपुढचा बेत असणार. त्यांनी अर्धा तास विचार केला. पडदा गोठलेलाच होता, म्हणून काकूंनी घोडा पुढे नेला आणि पुढच्या चालीला परत जागेवर आणला. मागे उभे असलेले जाणकार माना डोलवू लागले. चोविसाव्या चालीला काकूंनी वजीर सरळ काकांच्या उंटाच्या तोंडी दिला. काकांना तो दिसला, पण संगणक कशाला वजीर फुकट देईल, म्हणून त्यांनी हात आवरला. सापळा शोधता शोधता त्यांचा वेळ संपला.

तेव्हा कुठे काकूंना बोलता आलं. सगळं ऐकून पंचांनी कपाळाला हात लावला. पण मार्ग सोपा होता. समोर संगणक नव्हता, खेळ न कळणारी बाई होती, असं काकांनी लिहून द्यायचं. डाव रद्द, रेटिंग शाबूत.

काकांनी पेन उघडलं आणि बायकोला हळूच विचारलं, "वजीर का दिलास?"

"चुकून," काकू म्हणाल्या. "पण खरं सांगू? मला उठावंसंच वाटेना. माझ्या एकेका चालीमागे काय विचार असेल, ते तुम्ही इतका वेळ शोधत होतात. एकदासुद्धा चूक काढली नाहीत. फार बरं वाटलं मला."

काकांनी पेन मिटलं. मग त्यांनी कागद कोराच परत केला.

"हरलो म्हणून लिहा. हिला खेळ कळत नाही, असं लिहायला माझा हात धजत नाही."

सेक्रेटरींनी संघातल्या जागेची आठवण करून दिली. काकांनी 'जाऊ दे' म्हणून हात उडवला. पंच पेन धरून तसेच बसले होते. जिंकलं कोण म्हणून लिहू, संगणक की काकू, असं त्यांनी विचारलं.

"तिलाच विचारा," काका म्हणाले आणि मोहरे डब्यात भरू लागले.